सात नंबरची लाल टिकली

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, विहारात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. आणि मी काही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी बाई नव्हे — शहापुरात कुणालाही विचारा. रिक्षावाल्याशी वाजलं तरी मी ते चार घरी जाऊन सांगते, वर त्याचा आवाज काढून दाखवते. पण ही एक गोष्ट राहिली. राहिली कसली — मी ठेवली. चांगली जपून ठेवली.

आता सांगते आहे. पण आधीच बजावते, मी रडायला बसलेली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवायला कुणी येऊ नये. "त्या वेळी परिस्थितीच तशी होती हो" म्हणणाऱ्यांनी तर अजिबात येऊ नये. परिस्थिती कशीही असो, केलं ते मी केलं. तुम्ही नुसतं ऐका. नाही ऐकलंत तरी माझं काही अडत नाही — पण बसलाच आहात, तर ऐका.

मी सुनंदा. शहापूरहून शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, इंग्रजांच्या काळातला एक मुसाफरी बंगला आहे. काळ्या दगडाच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं, पुढे रुंद व्हरांडा. कधीकाळी तिथे घोड्यावरून येणारे साहेब उतरायचे, मग धरणाच्या कामाचे इंजिनियर, मग वटवाघळं. पुढे तालुक्यातल्या काही मंडळींनी विश्वस्त मंडळ काढलं, बंगला ताब्यात घेतला आणि तिथे संग्रहालय सुरू केलं. मी तिथे सहायक. कोणाची सहायक, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, कारण माझ्या वर दुसरं कुणी नाहीच. कुलूप मी उघडते, शाळेच्या पोरांना मी फिरवते, वाळवी मी बघते, वस्तूंच्या नोंदी मी करते. सोबतीला काशिनाथ — शिपाई, माळी, पहारेकरी, जे म्हणाल ते.

वस्तू सगळ्या लोकांनी दिलेल्या. नांगर, कणग्या, जाती, जुने नकाशे, आमचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या घराण्याची तलवार. दादासाहेब म्हणजे तालुक्यातलं जुनं शेतकरी घर, शब्दाला वजन. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्हाला तसं वाटून घेणं सोपं जाईल. मला नोकरी त्यांनीच दिली. दर वर्षी माझी मुदत वाढवणारी सहीही त्यांचीच असते.

यातल्या दोनच वस्तू लक्षात ठेवा. बाकीच्या विसरलात तरी चालेल.

पहिली, आमच्या वस्तीची वही. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, तेव्हा माझ्या आजोबांनी शाळेच्या साध्या वहीत घरटी सगळ्यांची नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे ज्याचा त्याचा अंगठा घेतला. बायकांचेसुद्धा. तिसऱ्या पानावर माझ्या आजीचा अंगठा आहे, जरा तिरका, शाई जास्त झालेली. तिचा फोटो नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. ती या जगात होती याची दुसरी काही खूण माझ्याकडे नाही.

दुसरी वस्तू पारूबाईचं इरलं. पारूबाई सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतली, सत्तरीची बाई. इरलं म्हणजे पावसात वाकून लावणी करताना डोक्यापासून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, आत पानं घातलेलं. आता सगळे प्लास्टिकचा कागद घेतात. हे इरलं पारूबाईच्या नवऱ्यानं विणलेलं, आणि त्याची वीण काही वेगळीच होती — दुहेरी, कामटीच्या पोटात कामटी, पान जागचं हलायचं नाही. तो गेला, ती वीणही त्याच्याबरोबर गेली. कारण त्यानं कुणाला शिकवली नव्हती, आणि शिकायला कुणी मागेही लागलं नव्हतं. घरात ठेवलं असतं तर उंदरांनी खाल्लं असतं, म्हणून ती आमच्याकडे घेऊन आली. पण एका अटीवर. दर उन्हाळ्यात ती येणार, सुनेला घेऊन. सून ते इरलं मांडीवर घेणार, उलटंपालटं करून बघणार, आणि घरी जाऊन तसं विणून बघणार.

आणि खरंच यायच्या दोघी. मुरबाडला एसटी बदलून, उन्हातान्हात. व्हरांड्यात बसायच्या. सून बोटांनी कामट्या मोजायची, सासू तिला रागवायची, मी चहा करायची. दर वर्षी थोडी थोडी वीण सुनेच्या हाताला कळत होती. तिसऱ्या वर्षी सून म्हणाली, अर्ध्यापर्यंत आलं, मधला पीळ झाला की पुढचं सोपं आहे. जाताना पारूबाईनं माझा हात धरला. "बाय, निगुतीनं ठेव गो. माज्या घरात हे येकच हाय त्याच्या हातचं." मी म्हटलं, मावशी, माझ्या जिवासारखं ठेवीन. असं आपण म्हणतोच ना?

मग मुंबईहून एक मॅडम आल्या. जुन्या इमारतीला आग लागली, छप्पर कोसळलं, पाणी शिरलं तर काय करायचं, याचा आराखडा करून देणं हे त्यांचं काम. वय तिशीचं, पायात बूट, पाठीवर पिशवी, आणि प्रश्नांची सरबत्ती. पाण्याची सोय कुठे आहे, बंबाचा पाइप कुठे जोडायचा? काशिनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मॅडम, भातसानगरला एवढं मोठं धरण आहे, त्याचं पाणी तुमच्या मुंबईत नळाला येतं. आमच्याकडे मागच्या अंगणात एक सिमेंटची टाकी आहे. त्या हसल्या नाहीत. वहीत 'टाकी' लिहून घेतलं.

पण बाई हुशार, ते मी तेव्हाच मानलं. त्या म्हणाल्या, आग लागल्यावर सगळं वाचत नाही. काय वाचवायचं हे आग लागल्यावर ठरवायला गेलं तर काहीच वाचत नाही. म्हणून ते आजच ठरवायचं. दिवसा इथे माणसं किती असतात? मी, काशिनाथ, बागेत काम करणाऱ्या दोघी आणि तिकिटाच्या खिडकीवरचे गुरुजी — शाळेतून निवृत्त झालेले. पाच माणसं, दहा हात. मग दहाच वस्तू, अकरावी नाही. प्रत्येकानं आपल्या दोन वस्तू घ्यायच्या, ठरलेल्या दारानं बाहेर पडायचं, चिंचेखाली जमायचं, आणि एकदा बाहेर आलं की परत आत जायचं नाही. त्या दहा वस्तूंना लाल टिकली — स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, गोल, चिकटणारी. त्यांच्या खालच्यांना पिवळी, उरलेल्यांना हिरवी. काशिनाथ म्हणाला, "म्हंजे धा जणींना कुंकू, बाकीच्या तशाच!" तेवढ्यावर मात्र मॅडम हसल्या.

मग बैठक झाली. विश्वस्त, गावातली जाणती मंडळी, आम्ही. मॅडमनी आधी विचारलं, इथे आग कशानं लागू शकते? वायरिंग, कुणी म्हणालं. विडी. दिवाळीचे फटाके. समोरच्या टपरीवरचा गॅस. सगळं लिहिलं गेलं. आणि राब? राब एकानंही सांगितला नाही. भातवाल्याला समजावायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते — भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, खाचराच्या एका तुकड्यावर आम्ही शेण, पातेरा, झाडाचे टहाळे, गवत पसरतो, वर माती टाकतो आणि भाजून काढतो. तो राब. बंगल्याच्या मागच्या कुंपणाला लागूनच खाचरं आहेत. दर वर्षी तिथे राब पेटतो, धूर आमच्या दालनात येतो, आम्ही नाकाला पदर लावून काम करतो. पण 'आग' म्हटल्यावर तो कुणाच्या डोक्यातच आला नाही. ती आमच्या लेखी आग नव्हेच, ती शेती आहे. मी स्वतः राबासाठी पातेरा गोळा करत मोठी झालेली. मीही वायरिंगच म्हणाले.

मग दहा वस्तू निवडायला बसलो. तलवार पहिली. कुणी तोंड उघडायच्या आधीच ती पहिली होती. दुसरी, तिसरी, करत करत सात नंबरला मॅडमनी इरल्याचं नाव घेतलं. दोघे-तिघे हसले. मॅडम म्हणाल्या, विणणारा माणूस नाही, वीण येणारं दुसरं कुणी नाही. हे गेलं तर पुन्हा कुठून आणाल? इरलं सात नंबर.

मी वहीचं नाव काढलं. दादासाहेब म्हणाले, "सुनंदाबाई, वहीचे फोटो काढलेत ना आपण? कॉम्प्युटरात आहे, झेरॉक्स आहे. काय बिघडतंय?" आणि मॅडमनीही मान हलवली. प्रत असेल तर पिवळी, असा नियम होता.

नियम बरोबर होता. ते मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही मला सांगा — झेरॉक्सवर जो काळा डाग येतो, त्याला कुणाची आजी म्हणता येतं का? त्या कागदाला तिचा हात लागला होता. आणि तलवार? तलवार जळून किती जळणार होती? मूठ जाईल, म्यान जाईल, पातं काळं पडेल. राखेतून उचलायचं, घासायचं, परत टांगायचं. लोखंड आहे ते. तरी तलवार एक नंबर, आणि आमची वही 'काय बिघडतंय'. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या रागाबद्दल मला आजही काही वाटत नाही. वही लाल यादीत हवी होती. आजही हवी. यावर मी कुणाशीही, कुठेही भांडेन.

पण बैठकीत भांडले का? नाही. बैठकीत मी यादी लिहून घेतली आणि सगळ्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काशिनाथ बाहेर डबा खात होता. मी तलवारीच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिले. ठरवूनच गेले होते. टिकलीची कड नखानं उचललीसुद्धा. आणि मग — मग मनात आलं, दादासाहेब दर महिन्याला येतात. आले की पहिले तलवारीपाशी जातात. टिकली दिसली नाही तर विचारतील. विचारलं तर मला बोलावं लागेल. त्यांच्या तोंडावर म्हणावं लागेल की तुमच्या तलवारीपेक्षा माझ्या आजीचा अंगठा मोलाचा आहे. वाक्य तयार होतं माझ्याकडे. अजूनही आहे. ते मी आंघोळ करताना म्हटलंय, भाकरी थापताना म्हटलंय, एसटीत खिडकीशी बसून ओठातल्या ओठात म्हटलंय. फक्त ज्या माणसाला म्हणायचं, त्याच्यापुढे कधी म्हटलं नाही.

उचललेली कड मी दाबून परत बसवली.

आणि मागच्या दालनात गेले, आणि पारूबाईच्या इरल्याची टिकली काढली.

तिथे माझा हात थांबला नाही. थांबायला हवा होता ना? का थांबेल? पारूबाई वर्षातून एकदा येते. तिला वाचता येत नाही. तिच्या वाडीतलं कुणी मंडळावर नाही, कुणी तिच्यासाठी फोन करणार नाही, कुणी माझी सही अडवणार नाही. ती विचारणारच नाही — हे मला पक्कं ठाऊक होतं. हे सगळं माझ्या मनात दोन-तीन श्वासांत येऊन गेलं, आणि मी ती टिकली नेऊन वहीच्या पेटीवर चिकटवली, अंगठ्यानं दाबून.

ज्याची वस्तू बाजूला सारली तर ओरड होणार नाही, त्याचीच सारायची. हे आमच्या माणसांशी पिढ्यानपिढ्या झालं, यावर मी जयंतीला भाषण केलेलं आहे. चांगलं झालं होतं. टाळ्या पडल्या होत्या. आणि जेव्हा कुणाला तरी बाजूला सारायचं माझ्या हातात आलं, तेव्हा मीही अगदी तसंच बघून माणूस निवडला. मी दादासाहेबांशी लढले असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. कशाची लढले? मी त्यांच्या तलवारीला धक्काही लावला नाही.

नंतर आराखड्यातलं ते पान मी पुन्हा टाइप केलं. सात नंबर: वही. मंडळातल्या कुणी यादी परत वाचली नाही. एकदा ठरलेलं परत कोण वाचतं? मॅडमकडे जुनीच प्रत होती. काशिनाथाच्या मात्र लक्षात आलं. "ताई, इरल्याची टिकली पडली वाटतं?" मी म्हटलं, बदललंय ते. तो बरं म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

दोन उन्हाळे गेले. दोन्ही वेळा पारूबाई आणि सून येऊन गेल्या, पण सून त्या मधल्या पिळापाशीच अडलेली. दर वर्षी आम्ही सराव करायचो — शिट्टी, दहा वस्तू, चिंच. गुरुजी घड्याळ लावायचे. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका दुपारी, मागच्या खाचरात राब पेटला. दर वर्षीसारखाच. मागच्या अंगणात शाळेच्या पोरांना दाखवायला आम्ही एक झोपडी उभारली होती, कुडाच्या भिंती आणि वर पेंढा. ती हौसही माझीच. वारा फिरला. ठिणगी पेंढ्यावर पडली, पेंढ्यावरून मागच्या पडवीच्या वाशांवर. शेतकरी बिचारा झाडाची फांदी घेऊन धावत आला, पण काही इलाज नव्हता.

शिट्टी मी फुंकली. आणि खरं सांगते, माणसं काय वागली! कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला धडकलं नाही. माझ्या दोन वस्तू म्हणजे नकाशांची नळी आणि सात नंबर. नळी बगलेत, वही छातीशी धरून मी मागच्या दालनाच्या दारापाशी आले, तर काशिनाथ तिथेच. एका हातात तलवार. त्याची दुसरी वस्तू, एक छोटा लाकडी देव्हारा, बागेतल्या एका बाईनं गडबडीत आधीच उचलली होती, म्हणून त्याचा दुसरा हात मोकळा होता. धूर वर छताला होता, खाली सगळं दिसत होतं. इरलं भिंतीवर, त्याच्यापासून चार पावलांवर.

"ताई, इरलं घेऊ का? हात मोकळाच हाय माजा."

चार पावलं जायचं, चार पावलं यायचं. त्या इरल्याचं वजन ते काय? मी एकच शब्द बोलायचा होता. घे. तेवढाच.

मी म्हटलं, "टिकली आहे का त्याला? नाही ना? मग चल बाहेर!"

त्याच्या जिवाची काळजी होती म्हणून म्हटलं, असं तुम्हाला वाटेल. नंतर लोकांनाही तसंच वाटलं, आणि मीही वाटू दिलं. खोटं आहे ते. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली — इरलं चिंचेखाली दहा वस्तूंच्या बाजूला पडलं, तर कुणीतरी विचारेल, हे अकरावं कुठून आलं? यादीत होतं ना हे? मग टिकली कुठे गेली? घाबरले मी. आगीला नाही. आग समोर होती, तिच्याकडे मी बघतही नव्हते.

काशिनाथ बाहेर आला. सगळे बाहेर आले. परत आत जायचं नाही, हा नियम. आम्ही चिंचेखाली उभे राहून बघत होतो. बंब लांबून आला, तोवर मागचं दालन गेलं. पुढचा बंगला वाचला, दगडी भिंतीनं वाचवला. मांडीवर वही घेऊन मी मातीत बसले होते. तिसरं पान उघडून बघितलं. अंगठा होता.

नंतर माझं फार कौतुक झालं, सांगते. खेड्यातलं एवढंसं संग्रहालय, पण आराखडा होता म्हणून दहाच्या दहा वस्तू वाचल्या, एकाही माणसाला इजा नाही. ठाण्याला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. दादासाहेब भाषणात म्हणाले, सुनंदाबाईंनी यादी काळजावर लिहिली होती. मी हात जोडले. शाल चांगली आहे, थंडीत वापरते.

आणि उन्हाळा संपता संपता पारूबाई आली, सुनेला घेऊन, पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन. तिला कुणी कळवलंच नव्हतं. मीच नव्हतं कळवलं. व्हरांड्यातून तिनं मागचे काळे वासे बघितले आणि ती उभीच राहिली.

मला वाटलं होतं, ती विचारणार नाही. तिनं विचारलं. "आमचं इरलं, बाय?"

मी तिला टिकल्यांचं सगळं समजावलं. अगदी नीट, शाळेच्या पोरांना समजावते तसं. लाल म्हणजे काय, हिरवी म्हणजे काय. आणि म्हटलं, "मावशी, यादी मुंबईच्या मॅडमनी केली. त्यांनी तुमचं इरलं घेतलंच नाही लालमध्ये. मी पुष्कळ सांगितलं त्यांना." ज्या एकट्या बाईनं त्या इरल्याचं नाव घेतलं होतं, तिच्यावर ढकललं मी. का? कारण ती मुंबईला होती. तीही विचारायला येणार नव्हती. बघितलंत? पुन्हा तसंच.

पारूबाई माझ्या जवळ आली, माझ्या हातावर हात ठेवला. "तू तं सांगलंस ना. मग जाऊ दे गो. तुला कुठं भाजलं नाय ना?"

सून बाजूला उभी होती. ती माझ्याकडे नव्हती बघत. ती वाशांकडे बघत होती, आणि तिची बोटं हलत होती, एकावर एक, कामट्या मोजल्यासारखी. मी चहा ठेवायला आत गेले. त्यांनी चहा घेतला, करवंदं मला दिली आणि गेल्या. त्या दिवशी रात्री मी नवऱ्याला सांगितलं, पारूबाई येऊन गेली, फार वाईट वाटलं तिला. एवढंच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बोलून टाकायचंस. कुणाला बोलू? काशिनाथाला — ज्याला मी हात मोकळा असताना बाहेर हाकललं? दादासाहेबांना — ते म्हणतील, अहो एक इरलंच ना, काय बिघडतंय. आणि मग मला त्यांचा राग येईल, आणि त्या रागात मला फार बरं वाटेल. ते बरं वाटणं मला नको आहे.

आता आमचा आराखडा दुसऱ्या जुन्या इमारतींसाठी नमुना म्हणून देणार आहेत. 'यादी कशी करावी' यावर मी बोलायचं आहे, असं ठरलंय. मंडळानं राबाची नोंद नव्यानं घातली, मीच घातली. ते काम मी नीट करते. यादीत आजही वही लाल आहे, आणि ती मी काढणार नाही. कुणी काढायला आलं तर त्याला मला ओलांडून जावं लागेल. पण लाल टिकली दुसऱ्या कपाटावरूनही घेता आली असती, आणि मी ती पारूबाईची घेतली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी फिकी पडत नाही.

मागच्या वर्षी सून एकटीच आली. पारूबाईला आता एवढा प्रवास झेपत नाही. सुनेनं एक इरलं आणलं होतं, स्वतः विणलेलं. अर्धं. वरून मधल्या पिळापर्यंत दुहेरी वीण, कामटीच्या पोटात कामटी, हुबेहूब. तिथून पुढे कामट्या मोकळ्या, टोकं लोंबणारी. म्हणाली, "इथपर्यंतच बघितलं होतं मी. आई बोलली, हे ताईंच्याकडं दे, त्या जपतील. आन याला लाल टिकली लावा बोलली."

मी लावली. तिच्यासमोर लावली.

ते आता पुढच्या दालनात आहे. शाळेची पोरं विचारतात, हे अर्धंच का? मी त्यांना सांगते, विणणाऱ्या बाईला पुढचं आठवलं नाही. सांगताना माझा आवाज अगदी नीट असतो. पोरं माना डोलावतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात.

ती काही विसरली नव्हती. पुढचं तिला अजून बघायचं होतं, आणि ते मी जळू दिलं.